कमरपट्ट्याची मजुरी



लग्नमांडवात नवरीच्या आणि फडावर लावणीच्या कलावंतिणीच्या कमरेला झळकणारा पट्टा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो घडतो कसा आणि घडविणाऱ्याच्या पदरी काय पडते, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या महामार्गाने कोल्हापूर गाठले की पुढे हातकणंगले तालुक्यात हुपरी लागते. पैंजण, जोडवी, कमरपट्टे तेथे घरोघर होतात. एक पट्टा एका हातचा नसतो. प्रथम मुशीत चांदी आटवितात. शुद्ध चांदी मऊ, म्हणून तीत थोडे तांबे घालतात. मग रुळांतून दाबून पत्रा निघतो, जंतरातून ओढून तार निघते. ठशाखाली पत्र्यावर फुले, कोयऱ्या उठतात. तारेच्या कड्या होतात. खरी कसोटी पुढेच. तुकडे मांडायचे, टाकणखार लावायचा, डाकाचे कण ठेवायचे आणि ज्योत अशी फिरवायची की डाक वितळावा, चांदी वितळू नये. शुद्ध चांदी ९६१ अंश सेंटिग्रेडला वितळते, डाक त्याच्या अलीकडे. या थोड्या अंतरातच कारागिराची सारी विद्या आहे. कड्या गुंफणे, घुंगरू ओवणे ही कामे पुष्कळदा बायका घरी बसून करतात.

आता मजुरीचा हिशेब पाहा. नक्षीप्रमाणे दर बदलतो, पण माप तराजूचेच. समजा, अर्ध्या किलोचे दोन पट्टे आहेत. एकात चाळीस जाड पाने, दुसऱ्यात दोनशे नाजूक. वजन एक, सांधे पाचपट! दर पाचपट होतो काय? म्हणजे हात जितका कसबी, तितका तासाचा मोबदला कमी. हा न्याय नव्हे.

शिवाय डाकात कॅडमियम असेल, तर धोका श्वासातून शिरतो. कॅडमियम ७६७ अंशांनाच उकळते. त्याचा धूर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे बिघडवितो. आणि हे काम राहत्या घरात चालते, जेथे पोरेही असतात.

व्यापारी म्हणतात, यंत्राचा माल स्वस्त पडतो, आम्ही अधिक कोठून द्यावे? अडचण खरी आहे. पण यंत्राला जे साधत नाही त्याचेच तर गिऱ्हाईक जास्त पैसे मोजते. तो वाटा हाताकडे यावा, इतकेच आमचे मागणे. सांधे मोजून मजुरी द्या, कॅडमियमविरहित डाक पुरवा, आणि घरी काम करणाऱ्या बाईच्या हाती कामाची वही द्या. अशा कामगारांना इतर मजुरांच्या बरोबरीने वागवावे, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केला. भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

हॉलमार्कचा शिक्का चांदी किती शुद्ध ते सांगतो. मजुरी किती शुद्ध, हे सांगणारा शिक्का अजून निघालेला नाही. तोवर पेढीवर बसून भाव करताना आपणच विचारावे, "यातली घडणावळ कारागिराला किती?" शंभर गिऱ्हाइकांनी हा प्रश्न विचारला, तर संघटनेचे निम्मे काम झाले असे आम्ही समजू.