काचेपलीकडून कोण बघतंय?

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेलं छोटेखानी भाषण)

मला पाच मिनिटं दिली आहेत आणि माझ्यानंतर थेट जेवण आहे. त्यामुळे पाचाची सहा झाली तर तुम्हीच मला खाली बसवाल, याची खात्री आहे.

स्काय-ट्रीच्या पायथ्याचं सुमिदा मत्स्यालय बहुतेकांनी पाहिलं असेल. तिथे पांढऱ्या वाळूत चिन-अनागो नावाचे मासे आहेत. सुशीच्या दुकानातल्या अनागोचे हे लांबचे भाऊबंद. अर्धं अंग वाळूतल्या बिळात, अर्धं बाहेर. प्रवाहाकडे तोंड करून वाहत येणारं खाणं टिपत उभे. खोचून ठेवलेल्या उदबत्त्याच जणू! मूळचे महाभित्रे, चाहूल लागली की सुळकन आत. पण इथले धीट झाले होते. काचेला नाक लावणारी माणसं त्यांना रोजचीच.

१ मार्च २०२० पासून कोरोनामुळे मत्स्यालय बंद झालं आणि हे सुमारे ३०० मासे माणसाला चक्क विसरले. देखभाल करणारे जवळ आले तरी बिळात. मासा दिसलाच नाही, तर तो धडधाकट आहे की आजारी, कळणार कसं? शेवटी ३ ते ५ मे, गोल्डन वीकच्या सुट्टीत, टाकीपुढे ५ टॅब्लेट मांडले आणि लोकांना विनंती केली : घरून व्हिडिओ कॉल करा, चेहरा दाखवा, हात हलवा, पण बोला हळू. मला तेव्हा हसू आलं होतं.

बघ्यांचा परिणाम एकाच तऱ्हेचा नसतो, हे मात्र खरं. गोंगाटाने कावरीबावरी होणारी जनावरं आपण राणीच्या बागेपासून पाहत आलोय. उलट, क्योतो विद्यापीठातल्या ६ चिंपांझींचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पडद्यावरचे आकडे ओळखायचे. बघणारे जास्त असले की सर्वांत अवघड खेळ त्यांना जास्त चांगला जमे आणि सोप्यात मात्र चुका वाढत. (आपल्या गॅदरिंगमधल्या मुलांसारखंच की!)

आता हसू का ओसरलं, ते सांगतो. त्या दिवसांत आमच्याही जेवणाच्या टेबलावर एक टॅब्लेट उभा असायचा. पलीकडे साताऱ्याला माझी आई. लेक तेव्हा दोन वर्षांची. आई रोज हात हलवायची, चिऊकाऊची गोष्ट सांगायची. २०२२ च्या दिवाळीत एकदाचे घरी गेलो. आई दारात "ये गं माझी बाय" म्हणाली, आणि लेक सुळकन माझ्या पाठीमागे! आईचे पसरलेले हात तसेच राहिले. मग ती काही न बोलता पायरीवर बसली आणि लांबूनच हात हलवला, टॅब्लेटवर हलवायची तस्सा. तिसऱ्या दिवशी लेक हळूच तिच्या शेजारी जाऊन बसली.

पुढच्या महिन्यात आई इकडे येतेय. सुमिदाला न्यायचं ठरलंय. काचेवर टकटक करायची नाही, हे लेकीने तिला फोनवर आत्ताच बजावलंय.

चला, पानं वाढली आहेत.