गणिताचा वर्ग आणि पालक
(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



गणित कसे शिकवावे याविषयी आपणांस आजवर पुष्कळ मार्गदर्शन मिळाले आहे. त्यात भर घालण्याचा माझा विचार नाही. आज मला एवढेच विचारावयाचे आहे की, आपण गणित अमुक रीतीने का शिकवितो हे पालकांस कोण सांगतो? बहुधा कोणीच सांगत नाही, आणि त्याची किंमत मूल भरते. हे मी स्वानुभवावरून म्हणतो.

सुमारे तीस वर्षांपूर्वी मी वसई तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातील एका शाळेत सहशिक्षक होतो. दुसरीच्या वर्गात एक मुलगा होता. ‘पंचवीस’ म्हटले की तो ५२ लिही, ‘बत्तीस’ म्हटले की २३. तांबड्या शाईने त्याची पाटीवही भरून गेली. एके दिवशी मी त्यास वर्गापुढे उभे केले व म्हणालो, “तुला गणित यावयाचे नाही.” दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत येईना.

चौथ्या दिवशी त्याची आई आली. भाजीच्या पाट्या घेऊन ती पहाटेच्या गाडीने मुंबईकडे जाई. त्या दिवशी तिने आपली खेप बुडविली होती. ती म्हणाली, “गुरुजी, पंचवीस बोलताना पाच आधी बोलतात ना? मग त्याने पाच आधी लिहिला, त्यात पोराचं काय चुकलं?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. “तसा नियम आहे,” असे सांगून मी वेळ मारून नेली. मुलगा पुन्हा शाळेत येऊ लागला; परंतु गणिताच्या तासाला त्याने पुन्हा हात वर केल्याचे मला आठवत नाही.

त्या बाईंना अक्षरओळख बेताचीच होती. पण मराठी संख्यावाचनातील खरी अडचण त्यांनी अचूक हेरली होती. आपण लिहिताना दशक आधी लिहितो आणि बोलताना एकक आधी बोलतो. त्यातच ‘एकोणतीस’ ऐकताना कानावर तीस पडतात आणि लिहावे लागतात दोन आणि नऊ. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत हीच तऱ्हा, आणि नव्व्याण्णव मात्र पुन्हा वेगळे. घरी वारली बोलणाऱ्या मुलास तर ही नावेच नवी असतात. ५२ लिहिणारे मूल मंद नसते. ते कानाने ऐकलेले प्रामाणिकपणे लिहीत असते.

हीच अडचण दूर करण्याचा प्रयत्न २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात झाला. ‘एकवीस’ या नावाबरोबर ‘वीस एक’ असे वाचन त्यात देण्यात आले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील कारणे समजावून सांगितली. तरीही वर्तमानपत्रांतून थट्टा झाली, विधिमंडळात चर्चा झाली. आपली भाषा बुडविण्याचा हा घाट आहे, असेही अनेकांस वाटले.

वस्तुतः यात परके असे काही नव्हते. कानडीत एकवीसला ‘इप्पत्तोंदु’ म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. खेड्यांतील जुनी माणसे विसांनी मोजीत. ‘दोन विसा पाच’ म्हणजे पंचेचाळीस, त्यातही सुटे शेवटीच येत. उलट जर्मन भाषेत आपल्यासारखेच एकक आधी बोलतात. नॉर्वे देशात १९५१ साली सरकारने दशक आधी बोलण्याची रीत अधिकृत केली. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना घोटाळा होऊ नये, हे त्याचे एक कारण होते. तेथेही जुनी रीत लोकांच्या बोलण्यातून आजवर गेलेली नाही.

ती नवी रीत योग्य की अयोग्य, हा निवाडा मी आज करीत नाही. बाजारात ‘पंचवीस’च म्हणतात, तेव्हा जुनी नावे मुलास आलीच पाहिजेत. मला बोचते ते निराळेच. पालकांस ही गोष्ट प्रथम कळली ती दूरदर्शनवरून व मोबाईलवरील थट्टेतून, आपल्या तोंडून नव्हे. पालक रागावले, कारण त्यांस कोणी विश्वासात घेतले नव्हते.

तेव्हा वर्षारंभीच्या पहिल्या पालकसभेत तीन गोष्टी आपण सांगाव्यात, अशी माझी विनंती आहे.

पहिली गोष्ट, काड्यांची. दहा-दहा काड्यांच्या दोन जुड्या व पाच सुट्या काड्या पालकांच्या हाती द्याव्यात. २५ मधील दोन म्हणजे दोन जुड्या, हे त्यांना स्वतः मोजू द्यावे. मग ‘शाळेत नुसत्या काड्यांशी खेळतात’ ही तक्रार आपोआप मावळेल.

दुसरी गोष्ट, घरच्या हिशेबाची. सहा रुपयांच्या सात जुड्या विकणारी बाई पाढा म्हणत नाही. पाच जुड्यांचे तीस, दोन जुड्यांचे बारा, मिळून बेचाळीस, असे ती म्हणते. सदुसष्टाचा माल देऊन शंभराची नोट घेतली, तर सदुसष्टाला तीन सत्तर, आणखी तीस शंभर, म्हणून तेहतीस परत. हे शुद्ध गणित आहे. वर्गात आपण दशक सुटा करून जी वजाबाकी शिकवितो, तिचे उत्तरही तेहतीसच येते. पालकांना सांगावे की, तुमची रीत मुलास जरूर दाखवा. मात्र शाळेची रीत चुकीची आहे, असे त्याच्यासमोर म्हणू नका. आणि आपणही मुलाने घरच्या रीतीने काढलेल्या बरोबर उत्तरावर फुली मारू नये. आजोबा पावकी-निमकीची आठवण काढतील. रुपयाचे सोळा आणे होते तोवर ते पाढे पोट भरण्याची विद्या होती. १९५७ साली दशमान नाणी आली आणि गरज पालटली. हे त्यांस आदराने सांगावे.

तिसरी गोष्ट, चुकीची. मुलाने ५२ लिहिले तर मारू नये, हिणवू नये. “यात दहाच्या जुड्या किती आणि सुट्या काड्या किती?” एवढेच विचारावे. हा प्रश्न विचारण्यास पालकाला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या आईबापांसही तो सोबत नेता येतो. शाळा मागे राहिली तरी प्रश्न मुलाबरोबर राहतो.

शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, असे २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. त्या बैठकांत आपण छप्पर, पाणी व पोषण आहार यांविषयी बोलतो, ते आवश्यकच आहे. त्यातली पंधरा मिनिटे गणितासाठी काढावीत. बैठकीची वेळही पालकांची सोय पाहून ठरवावी. भाजीवाली, मासेविक्री करणारी व भट्टीवरची आई सकाळी अकरा वाजता येऊ शकत नाही.

बंधुभगिनींनो, त्या आईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला पुढे सापडले. परंतु ते तिला सांगावयाचे राहून गेले. उत्तर असे की, “बाई, तुमच्या मुलाचे चुकले नाही. आपली भाषा एका क्रमाने बोलते आणि अंक दुसऱ्या क्रमाने लिहितात. हे त्याला समजावून देणे माझे काम होते.” आपल्या वर्गातील एखाद्या आईस हे उत्तर वेळेवर मिळावे, एवढ्याचसाठी आज मी आपला वेळ घेतला.