गाळातला उन्हाळा
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



आयोजकांनी मला ‘कम्प्युटरवर काहीतरी बोल’ असं सांगितलं होतं. मी विषय बदलून घेतला आहे. वर्ध्याचे उन्हाळे काढलेल्या माणसाला उन्हावर बोलायला वेगळी परवानगी लागू नये!

आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर गेला की घरोघरी एकच वाद सुरू होतो. तरुण म्हणतात, असं ऊन कधी नव्हतं. आजोबा म्हणतात, आमच्या वेळी याहून जास्त होतं, फक्त आम्ही कूलरसमोर बसत नव्हतो. वेधशाळेच्या नोंदी काढल्या तर अलीकडच्या काळापुरता हा वाद मिटू शकतो. पण पाच-दहा हजार वर्षांपूर्वीचे उन्हाळे कोणी मोजले? काही ठिकाणी ते चक्क किड्यांनी नोंदवून ठेवले आहेत.

हौद बरेच दिवस घासला नाही की तळाच्या गाळात बारीक लाल अळ्या वळवळताना दिसतात. आपण नाक मुरडून पाणी ओतून देतो. या अळ्या कायरोनोमिड नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या कीटकांच्या. आपल्या रक्तात असतं तसं हिमोग्लोबिन त्यांच्यात असतं, म्हणून त्या लाल. वाढताना अळी कात टाकते आणि तिच्या डोक्याचं टणक कवच गाळात पडतं. झुरळाच्या पाठीला टणकपणा देणारं जे कायटिन, त्याचंच हे कवच. तळ्याच्या तळाशी ते हजारो वर्षं टिकतं.

या कीटकांच्या हजारो जाती आहेत. काहींना थंड पाणी मानवतं, काहींना कोमट. डोंगरातल्या तळ्यांत हे फार स्पष्ट दिसतं, कारण तिथे वर्षातला बराच काळ बर्फ आणि अळ्यांना वाढायला मिळतो तो तेवढा उन्हाळाच. उन्हाळा एक-दोन अंशांनी बदलला तरी तळ्यात कोणत्या जाती जास्त, हे बदलतं. गाळ वर्षानुवर्षं थरावर थर साचत जातो. म्हणून शास्त्रज्ञ तळाशी नळी घुसवून गाळाचा उभा दांडा बाहेर काढतात आणि कार्बनच्या चाचणीने थरांची वयं ठरवतात. मग प्रत्येक थरातला गाळ चाळून, सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक डोकं वेचतात. जात ओळखायची ती जबड्याजवळच्या पट्टीवरच्या दातांवरून. एका थरासाठी निदान पन्नास डोकी तरी लागतात. मूग निवडण्यासारखंच काम, फक्त दाणा मिलिमीटरपेक्षा लहान!

१९९१ साली वॉकर, मॉट आणि स्मोल या शास्त्रज्ञांनी कॅनडाच्या पूर्व भागातल्या गाळावरून दाखवून दिलं, की हिमयुग ओसरत असताना, सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वी, तापत चाललेलं हवामान अचानक पुन्हा गारठलं होतं. तिथे थर्मामीटर नव्हता, लिहून ठेवणारा माणूस नव्हता. किड्यांची डोकी तेवढी होती.

आता मला ज्या मुद्द्यावर यायचं आहे तो. किड्याच्या डोक्यावर अंश लिहिलेले नसतात. अमुक जाती म्हणजे अमुक तापमान, हे आधी आजच्या तळ्यांवरून शिकावं लागतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले मशीनला शिकवतो तेव्हाही आधी उत्तर माहीत असलेली उदाहरणं लागतात, तसंच हे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वेतल्या २७४ तळ्यांचा वरचा ताजा गाळ आणि तिथलं जुलैचं मोजलेलं तापमान, अशी जोडी जमवून तिथल्या शास्त्रज्ञांनी हे गणित बसवलं. त्यातली चूक दीड अंशाच्या आसपास राहते. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीचा उन्हाळा आज कळतो, तो तिथे रोज उठून थर्मामीटर वाचणारी माणसं होती म्हणून. नोंद नसती तर गाळ मुकाच राहिला असता.

आपल्याकडे असे बर्फाचे डोंगर नाहीत. पण आपल्याजवळ, बुलडाणा जिल्ह्यात, लोणार आहे. तिथल्या सरोवराच्या तळातून भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी सुमारे दहा मीटर लांबीचा गाळ काढला. त्यात साधारण अकरा हजार वर्षांचा इतिहास आहे. इथे साक्ष किड्यांची नाही, स्फटिकांची आहे. आणि गोष्ट उन्हाळ्याच्या अंशांची नाही, पावसाची आहे. पाणी फार आटलं की लोणारच्या गाळात गेलुसाइट नावाच्या क्षाराचे स्फटिक तयार होतात. त्यावरून २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन दीर्घ कोरडे कालखंड दिसले. एक आजपासून सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा आणि दुसरा सुमारे २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. दोन वर्षं पाऊस हुकला तर आपल्या कापूस-तूरवाल्या घरांत काय होतं, ते इथल्या अर्ध्या लोकांनी पाहिलं आहे. पाऊसमान शेकडो वर्षं कमी राहिल्याचं या मातीच्या पोटात लिहिलेलं आहे, हे आपल्याला माहीत असायला हवं.

म्हणून शाळेला काय भेट द्यायची या चर्चेत माझी एक सूचना. नावांची कमान जरूर करू. पण सोबत मैदानाच्या मोकळ्या कोपऱ्यात झिलमिलीची पांढरी लाकडी पेटी, त्यात कमाल-किमान तापमापक, शेजारी पर्जन्यमापक आणि एक जाड वही द्यावी. खर्च कमानीपेक्षा बराच कमी.

अडचण पैशांची नाही. तापमापक रोज वाचून पुन्हा जागेवर आणावा लागतो, आणि आपल्याला सगळ्यांत जास्त हवा तो मे महिना, नेमकी तेव्हाच शाळेला सुट्टी. खाडे पडले की वही निरुपयोगी. मुलं जून ते एप्रिल सांभाळतील, बाई-सर लक्ष ठेवतील. मे महिना आपण वाटून घ्यायचा. गावात राहणाऱ्या एकतीस जणांनी एकेक दिवस घेतला तरी पुरे. आम्ही बाहेरगावचे त्या दिवसांत माहेरी येतोच, आमचीही पाळी लावा. तारीख, वेळ, दोन आकडे आणि सही. नवरा जावई म्हणून आलेला असेल तर त्यालाही पाठवता येईल.

या वहीतून लगेच कुठलाही शोध लागणार नाही. पण वीस-पंचवीस वर्षांनी ऊन वाढलं की नाही यावर वाद झाला, तर या शाळेतल्या मुलांना बोट ठेवायला एक पान असेल. जेवणाच्या मंडपाजवळ मी कागद ठेवला आहे, मे महिन्याच्या तारखा लिहिलेल्या. पहिल्या तारखेसमोर माझं नाव आहे. बाकीच्या तीस रिकाम्या आहेत.