जपानी बोलपटांतली भुते बायकाच का?



मंडळाच्या वाढदिवशी भुतांच्या गोष्टी कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. पण मुलीच्या नादाने मी जपानी भुतांचे बरेच बोलपट पाहिले. बोलणे ती मला मराठीत सांगत जाई. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा कलेची चिकित्सा मी करणार नाही. जे जाणवले तेवढेच सांगते.

या बोलपटांतले भूत बहुधा बाईच असते. अंगात पांढरे वस्त्र, केस मोकळे. तिकडे मयताला पांढरे नेसवतात, म्हणून हा वेष.

ओइवाची गोष्ट घ्या. 'योत्सुया काइदान' हे नाटक १८२५ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रंगभूमीवर आले. ओइवा नुकतीच बाळंत झालेली, अंगात त्राण नाही. शेजारच्या श्रीमंतांना आपल्या नातीसाठी तिचा नवरा हवा असतो. ते औषध म्हणून विष पाठवतात आणि ही बिचारी आभार मानून ते घेते! तोंड विद्रूप होते, विंचरताना केस झुपक्यांनी गळतात. ती मरते आणि मग मात्र नवऱ्याला जिकडेतिकडे तीच दिसू लागते. या कथेवर अनेक बोलपट निघाले. त्यांतला नोबुओ नाकागावा यांचा १९५९ सालचा फार नावाजला जातो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. काबुकी नाटकांत काम करायला बायकांना १६२९ सालीच सरकारने बंदी केली होती. त्यामुळे ओइवाचे सोंगही पुरुषच घेई. बाईचे दुःख सांगायलासुद्धा बाई नव्हती.

पुढे १९९८ साली हिदेओ नाकाता यांचा 'रिंगू' आला. त्यातल्या सादाकोच्या आईला अद्भुत दृष्टी असते. पण भरसभेत वार्ताहर तिला लबाड ठरवतात. पुढे ती जीव देते आणि मुलीला विहिरीत लोटले जाते. मूळ कादंबरीत या प्रकरणाचा शोध घेणारा पुरुष आहे. बोलपटात मात्र नवऱ्यापासून वेगळी झालेली, लहान मुलगा पदरी असलेली वार्ताहर बाई आहे. हा बदल मला फार आवडला. एका बाईची कहाणी शोधायला दुसरी बाई निघाली.

याच दिग्दर्शकाच्या २००२ सालच्या बोलपटात घटस्फोट घेणारी आई लेकीला घेऊन एका जुन्या इमारतीत राहते. छतातून पाणी गळते. ती तक्रार करते, पण दाद कोणी देत नाही. उलट पूर्वी तिच्या मनावर उपचार झाले होते, हेच मुलीच्या ताब्याच्या भांडणात तिच्यावर उलटवतात. मला भुतापेक्षा याचेच भय वाटले.

एक उणीव मात्र सांगते. मी सांगितलेले हे बोलपट काढणारे सारे पुरुषच. त्यांनी बाईला शक्ती दिली, पण बहुधा मेल्यावर. जिवंतपणी तिने सोसायचे आणि राग काढायचा तो भूत होऊन! शिवाय तो राग पुष्कळदा निरपराधांवर पडतो. याला न्याय कसे म्हणावे?

भगिनींनो, आपल्याकडेही बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते असे म्हणत. तिला घालवायचे उपाय सगळ्यांना पाठ; पण ती जिवंत असताना तिचे काय दुखत होते, हे किती जणांनी विचारले? घरातली सून, लेक, कामाला येणारी बाई काही सांगू लागली, तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. ऐकणारे कोणी असते, तर ओइवाला परत यावे लागले नसते.