होडीवरचे नाव



कोकणातल्या कोणत्याही बंदरात जाऊन उभे राहा आणि होड्यांवरची नावे वाचीत जा. एकवीरा, गणेशप्रसाद, जय मल्हार, अल मदिना. मधूनच मालकाच्या आईचे किंवा लेकीचे नाव. देव झाले, घरची माणसे झाली. पण ज्याने दर्या शिकविला त्याचे नाव, तीस वर्षे बंदरे हिंडून, मला एकाच होडीवर आढळले. तिच्याविषयी आज बोलणार आहे.

ही होडी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातली. तिचा मालक पूर्वी खलाशी, आमच्या संघटनेचा सभासद. सोळा वर्षे दुसऱ्याच्या होडीवर राबून, कर्ज काढून, बायकोचे दागिने गहाण ठेवून त्याने आयुष्यातली पहिली होडी घेतली. कुलदेवतेचे नाव द्यावे असा घरच्यांचा आग्रह. कर्ज देणाऱ्याला नंबराशी काम, नावाशी नाही. याने रंगाऱ्याला सांगितले, "चाचा असे लिही."

चाचा म्हणजे राजिवड्याचे एक वृद्ध तांडेल. या मुलाचा बाप दर्यात गेला तेव्हा हा नऊ वर्षांचा होता. आई पाटी घेऊन दारोदार मासळी विके. चाचांनी त्याला होडीवर घेतले ते भात शिजवायला आणि भांडी घासायला. नऊ वर्षांचे पोर कामावर असणे मला पसंत नाही. चाचांनाही नसावे, कारण पहाटेची फेरी आटोपली की ते त्याला शाळेकडे पिटाळीत.

होडीवर मात्र तेच त्याचे मास्तर. पहाटे जमिनीकडून मतलई वारा सुटतो, त्याच्यावर बाहेर पडायचे. दुपारी खारा वारा भरला की त्याच्या पाठीवर घरी यायचे. पुनवेला नि अवसेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. भांगाचे पाणी मंद, त्या वेळी जाळे कुठे टाकावे आणि कुठे टाकू नये. दोरीला शिशाचा गोळा, गोळ्याच्या बुडाला चरबी. दोरी सोडून खोली वावांत मोजायची आणि चरबीला रेती चिकटली, चिखल चिकटला की शिंपल्यांचा चुरा, यावरून आपण कुठे आहोत ते ओळखायचे. आता हे सारे तळहाताएवढ्या यंत्रात दिसते. पण यंत्र बंद पडलेल्या रात्री हाच मनुष्य चार होड्या मागे घेऊन बंदरात आलेला आहे.

या शिक्षणाला फी नव्हती आणि शिकविणाऱ्याला त्याचा एक पैसा मिळत नव्हता. कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवारांसाठी १९६१ चा कायदा आहे. खलाश्याच्या पोराला तो ठाऊक नाही. खलाश्यांना ओळखपत्रे मिळू लागली तीदेखील २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर, म्हणजे त्यांच्या सोयीसाठी नव्हे, किनाऱ्याच्या पहाऱ्यासाठी.

फ्रान्सचा एक मोठा दर्यावर्दी, बेर्नार म्वातेसिए, याने आपल्या नौकेला 'जोशुआ' हे नाव दिले. जोशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात एकट्याने शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि त्याने ती लिहून ठेवली. तो म्वातेसिएचा गुरू, पुस्तकातून भेटलेला. नाव योग्यच होते. पण म्वातेसिए वाढला इंडोचायनात, आणि लहानपणी सयामच्या आखातातल्या कोळ्यांच्या संगतीत दर्या शिकला. त्या कोळ्यांनी पुस्तक लिहिले नव्हते. चाचांनीही लिहिले नाही.

आता ज्यासाठी मी हे सांगतो आहे ते. 'चाचा' पाण्यात उतरली तेव्हा नारळ मीही वाढविला. पहिला हंगाम सरला आणि तिचेच पाच खलाशी संघटनेच्या कचेरीत आले. हिशेबाची रीत आपणांस सांगतो. मासळीच्या विक्रीतून डिझेल, बर्फ, रेशन वजा होते. उरते त्यातला ठरलेला भाग होडीचा आणि जाळ्यांचा. बाकीच्याचे माणसांत वाटे पडतात. या मालकाने जाळ्यांची दुरुस्ती माणसांच्या भागातून कापली होती. जाळ्यांचा वाटा घ्यायचा आणि त्यांचे शिवण खलाश्याच्या माथी मारायचे! कर्जाचा हप्ता डोक्यावर होता हे खरे. परंतु तो खलाश्यांनी काढलेला नव्हता.

तीन बैठका झाल्या. पहिल्या दोन्हींत तो माझ्याशी शेटजीसारखा बोलला. तिसऱ्या खेपेला एक म्हातारा खलाशी, जो स्वतः चाचांच्या हाताखाली होता, उठला आणि एवढेच म्हणाला, "चाचा जाळे कोणाच्या पैशाने शिवून घेत, सांग." उत्तर त्याला ठाऊक होते. शेटने खलाश्यांचे पैसे कापले म्हणून चाचांनी एकदा ऐन हंगामात होडी दोन दिवस किनाऱ्याला ठेवली होती, आणि ते दोन दिवस हा पोरगा त्यांच्याच पडवीत जेवला होता. तो बराच वेळ गप्प बसला. मग वही ओढून त्याने ती रक्कम खोडली.

सगळेच मिळाले असे नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते; त्या दोन महिन्यांसाठी खलाशी जी उचल घेतात ती पुढच्या हंगामात किती हप्त्यांनी फेडायची, यावर तो अडून बसला आहे. दुसऱ्या मालकांचे डोळे त्याच्याकडे लागले आहेत, आणि ते त्याला सुनावतात की नाव खलाश्याचे दिलेस म्हणून होडीही त्यांची झाली काय. होडी उन्हात आहे, नवा रंग चढतो आहे, आणि आमची चौथी बैठक १ ऑगस्टच्या आत व्हायची आहे.