घरी वाट पाहणारे कोणी आहे का?

(रुग्णालयाच्या परिचारिका दिनाच्या कार्यक्रमात स्वयंसेवक मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



दरवर्षी या प्रसंगी आम्ही वर्षभराच्या कामाचा गोषवारा सादर करतो. किती रुग्णांना औषधांसाठी साह्य मिळाले, किती नातेवाइकांची भोजनाची सोय झाली, हे आकडे वार्षिक अहवालात स्वतंत्रपणे छापले जाणारच आहेत. त्यांची पुनरुक्ती न करता यंदा आमच्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी आणि तिच्यातून सुरू झालेल्या कामाविषयी बोलावे, असे आम्ही ठरविले आहे.

गेल्या पावसाळ्यात सत्तरी ओलांडलेले एक सेवानिवृत्त गृहस्थ छातीत दुखू लागल्यामुळे येथे दाखल झाले. शेजाऱ्याने रिक्षातून आणून सोडले होते. हृदयविकाराचा झटका असल्याचे निदान झाले आणि त्यांना अतिदक्षता विभागात ठेवण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्यांनी घरी जाण्याचा एकच धोशा लावला. डॉक्टरांनी समजावले, परिचारिकांनी समजावले, आम्हीही पैशांची अडचण असावी असे गृहीत धरून धर्मादाय निधीचा अर्ज घेऊन त्यांच्यापाशी गेलो. त्यांनी अर्जाकडे पाहिलेही नाही. सायंकाळी वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध जात असल्याच्या कागदावर सही करून ते निघून गेले. आमच्या वहीत त्या दिवशी ‘रुग्ण हट्टी, समुपदेशनास प्रतिसाद नाही’ अशी नोंद आहे. ती नोंद आम्ही खोडलेली नाही.

चार दिवसांनी तोच शेजारी त्यांना पुन्हा घेऊन आला. या वेळी त्यांना धाप लागली होती आणि पायांवर सूज होती. आमच्या अनुभवी कार्यकर्त्यांना जे सुचले नाही ते रात्रपाळीच्या आयाबाईंना सुचले. अंथरूण नीट करता करता मावशींनी सहज विचारले, “काका, घरी कोण असतं तुमच्या?” उत्तर आले, “मोती.”

मोती हा कुत्रा. तीन वर्षांपूर्वी असाच मुसळधार पाऊस पडत असताना एस.टी. स्थानकाच्या छपराखाली तो त्यांना आढळला होता. मागचा एक पाय वाहनाखाली चिरडलेला होता. पत्नीच्या निधनाला तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते आणि काका कुठल्याशा गावी नातेवाइकांकडे कायमचे राहायला निघाले होते. हातातले तिकीट वाया गेले. पशुवैद्यांनी पाय काढून टाकला आणि कुत्रा वाचला. काका मात्र त्या गावी गेले नाहीत ते गेलेच नाहीत. दाखल झाले त्या दिवशी मोती खोलीत कुलूपबंद होता आणि किल्ली काकांच्या सदऱ्याच्या खिशात होती. आमच्या अर्जात उत्पन्नाचा रकाना होता, वारसाचा होता, रेशनकार्डाचाही होता. मोतीसाठी मात्र एकही रकाना नव्हता.

त्याच रात्री किल्ली घेऊन आमच्यापैकी दोघे त्यांच्या चाळीत गेले. पुढचा भाग फारसा भूषणावह नाही. परक्या माणसांना पाहून मोतीने एकाच्या पोटरीचा चावा घेतला. आमच्या कार्यकर्त्याला चाळीच्या नळावर साबण लावून पंधरा मिनिटे जखम धुवावी लागली आणि मग आपल्याच अपघात विभागात येऊन रेबीजची लस टोचून घ्यावी लागली. सभागृहात बसलेल्यांपैकी कोणी या गोष्टीला हसणार असेल तर त्याने जरूर हसावे. परंतु चावलेली जागा ताबडतोब व भरपूर वेळ साबण-पाण्याने धुणे आणि हळद, चुना, मिरची यांपैकी काहीही न लावता रुग्णालय गाठणे, एवढे घरी जाताना लक्षात ठेवावे. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर खात्रीचा उपाय आजही नाही. वेळेवर धुतलेली जखम आणि वेळेवर घेतलेली लस मात्र प्राण वाचवते.

‘मोती जेवला’ हा निरोप अतिदक्षता विभागात पोहोचल्यावर काकांनी घरी जाण्याचा विषय पुन्हा काढला नाही. सहाव्या दिवशी डॉक्टरांच्या परवानगीने त्यांना पहिल्या मजल्याच्या सज्जात चाकाच्या खुर्चीवरून आणले आणि खाली फाटकाबाहेर मोतीला उभे केले. आमच्या मनात काही हृद्य दृश्याची अपेक्षा होती. मोतीने वर पाहिलेसुद्धा नाही. तो कडुनिंबाच्या बुंध्याशी हुंगत राहिला. काका मात्र समाधानाने म्हणाले, “अंगानं भरलाय. कुणीतरी नीट खायला घालतंय त्याला.”

आज ज्यांच्या तसबिरीला आपण हार घातला आहे, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना आमची चूक चटकन उमगली असती. १८५० साली अथेन्समध्ये प्रवास करीत असताना पार्थेनॉनजवळ काही मुले घरट्यातून पडलेल्या घुबडाच्या पिलाशी क्रूरपणे खेळत असलेली त्यांनी पाहिली. किरकोळ पैसे देऊन त्यांनी ते पिलू सोडवून घेतले आणि अथेनी असे त्याचे नाव ठेवले. त्या वेळी त्या तीस वर्षांच्या होत्या आणि मनाने अत्यंत खचलेल्या होत्या. परिचर्येचे काम करण्यास घरच्यांचा विरोध होता आणि आयुष्य व्यर्थ चालले आहे, ही खंत त्यांना पोखरत होती. ते घुबड पुढे त्यांच्या खिशात बसून फिरे. त्याच प्रवासात परतताना त्यांनी जर्मनीतील कैसरवर्थ येथील संस्था पाहिली आणि दुसऱ्या वर्षी तेथेच प्रशिक्षण घेतले. घुबडामुळे त्या परिचारिका झाल्या, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तो ध्यास त्यांना कोवळ्या वयापासून होता. मात्र १८५४च्या ऑक्टोबरमध्ये क्रिमियाच्या युद्धातील जखमींच्या सेवेसाठी ३८ परिचारिकांसह निघण्याच्या धांदलीत घरच्यांकडून अथेनीकडे दुर्लक्ष झाले आणि ती दगावली. जिच्या पुढ्यात सहस्रावधी सैनिकांचे दुःख वाढून ठेवलेले होते, ती स्त्री एका घुबडासाठी रडली. तिने ते पेंढा भरून जतन करविले आणि ते आजही लंडनमध्ये त्यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला एखाद्या लहानशा प्राण्याची उत्तम सोबत होते, हे त्यांनी परिचर्येवरील आपल्या पुस्तकात स्पष्टपणे नोंदविले आहे. रुग्णाच्या खोलीतील हवा, उजेड आणि स्वच्छता यांविषयी त्यांनी लिहिलेले आम्ही वाचले होते. प्राण्याविषयीचे वाक्य आमच्या नजरेतून निसटले होते, हे कबूल केले पाहिजे.

नाइटिंगेलबाईंनी केवळ निरीक्षणावरून लिहिलेली ही गोष्ट वैद्यकीय चर्चेत आली तीही एका योगायोगानेच. न्यूयॉर्कमधील बालमानसशास्त्रज्ञ डॉ. बोरिस लेव्हिन्सन यांच्याकडे कोणाशीही न बोलणाऱ्या एका मुलाला घेऊन त्याचे आईवडील ठरलेल्या वेळेच्या बरेच आधी आले. डॉक्टरांचा जिंगल्स नावाचा कुत्रा अशा वेळी खोलीत नसे, त्या दिवशी तो होता. तो धावत जाऊन मुलाला चाटू लागला. मूल घाबरण्याऐवजी त्याला बिलगले आणि जाताना, या कुत्र्याशी खेळायला पुन्हा येऊ का, असे विचारते झाले. लेव्हिन्सन यांनी हा अनुभव मानसशास्त्रज्ञांच्या परिषदेत मांडला तेव्हा श्रोत्यांतील काहींनी त्यांची थट्टा केली. १९६२ साली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला आणि या विषयाला हळूहळू प्रतिष्ठा मिळाली. पुढे १९८० साली एरिका फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकारानंतर घरी गेलेल्या ९२ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी वर्षभरात ३ जण दगावले. प्राणी नसलेल्या ३९ पैकी ११. नंतरच्या सर्वच अभ्यासांतून असा निष्कर्ष निघालेला नाही, म्हणून औषधाच्या चिठ्ठीवर कुत्रा लिहून द्यावा असे आम्ही मुळीच सुचवत नाही. आमच्या डॉक्टरांना तेवढी चिंता नसावी.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण तर सर्वांना परिचित आहे. वरोरा येथे वकिली करणारे आणि नगरपालिकेचे उपाध्यक्षपद भूषविणारे मुरलीधर देवीदास आमटे यांना एका पावसाळी रात्री गटाराच्या कडेला मरणासन्न अवस्थेत पडलेला तुळशीराम हा कुष्ठरोगी दिसला. ते आधी भीतीने पळून गेले. बाबांच्या चरित्रातील हा पळून जाण्याचा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. ते परत आले, त्यांनी त्याच्यावर आडोसा उभारला आणि अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. त्यातून आनंदवन उभे राहिले. सहा कुष्ठरुग्ण, खिशात चौदा रुपये आणि सोबत एक लंगडी गाय व एक कुत्रा, अशा शिदोरीवर ते सुरू झाले, असे सांगितले जाते. लोक चौदा रुपयांचा उल्लेख आवर्जून करतात. लंगड्या गाईकडे मात्र कोणी फारसे लक्ष देत नाही.

बाबांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ साली भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे काम आरंभले. प्रथम त्यांच्याकडे रुग्णच येईनात. अपस्माराच्या झटक्यात भाजलेला एक मुलगा आणि मेंदूच्या हिवतापाने मरणपंथाला लागलेला एक जण असे रुग्ण बरे झाले, तेव्हा कुठे माडिया बांधवांचा विश्वास बसू लागला. अशातच एके दिवशी जंगलातून जाताना त्यांना शिकार करून परतणारी मंडळी भेटली. मेलेल्या माकडिणीच्या छातीला तिचे जिवंत पिलू चिकटलेले होते. त्याचे काय करणार, असे विचारता तेही खाणार, असे सरळ उत्तर मिळाले. डॉक्टरांनी तांदूळ व कपडे देऊन ते पिलू मागून घेतले, घरी आणले आणि त्याचे नाव बबली ठेवले. पुढे बिबटे, अस्वले, हरणे, साप अशा अनाथ जिवांचे जे गोकुळ तेथे भरले त्याची ही सुरुवात. येथे एक गोष्ट विसरता कामा नये. डॉक्टरांनी शिकाऱ्यांना दूषण दिले नाही. त्यामागची भूक त्यांनी ओळखली आणि तिच्या निवारणासाठी शेती व शिक्षणाचेही काम हाती घेतले. पिलाच्या बदल्यात तांदूळ देणे म्हणजे दोन्ही जिवांची दखल घेणे होते.

आमच्या मंडळातील एका भगिनींचा उल्लेख त्यांच्या संमतीने, परंतु नाव न घेता, करतो. पतीच्या आजारपणात त्या या रुग्णालयात पाच आठवडे होत्या. पतीच्या पश्चात बिलाची एक राहिलेली पावती घेण्यासाठी त्या पुन्हा आल्या आणि बाकावर बसून राहिल्या. आमच्या कार्यकर्त्याने त्यांना चुकून स्वयंसेवक समजून एका वृद्धेला क्ष-किरण विभागात पोहोचविण्यास सांगितले. त्यांनी पोहोचविले. त्यानंतर त्या दररोज येऊ लागल्या. मोतीला रोज सकाळी भाकरी घालण्यास ज्या जात त्या याच. प्रारंभी त्यांना कुत्र्यांची भीती वाटत असे, हे त्या स्वतःच सांगतात.

काका बरे होऊन घरी गेले. त्यांचे हृदय दुर्बल झाले होते आणि डॉक्टरांनी तशी पूर्वकल्पना दिली होती. गेल्या फाल्गुनात ते आपल्या खोलीत, झोपेतच गेले. सकाळी भाकरी घेऊन गेलेल्या आमच्या भगिनींना मोती दाराशी बसलेला दिसला. काकांनी आपल्या उशीखाली एका पाकिटात काही रक्कम आणि मोतीच्या लसींचे कार्ड ठेवले होते. पाकिटावर कोणाचेही नाव नव्हते. ते आपल्यासाठी आहे, हे भगिनींना कोणी सांगावे लागले नाही. मोती सध्या त्यांच्या घरी असतो. ती रक्कम त्यांनी रुग्णालयाच्या धर्मादाय निधीत भरली आणि कार्ड तेवढे स्वतःजवळ ठेवले.

आता आमची विनंती. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाच्या केस पेपरवर ‘घरी पाळीव प्राणी आहे काय? असल्यास त्याची व्यवस्था कोण पाहील?’ असा एक रकाना वाढवावा, असा प्रस्ताव आम्ही विश्वस्त मंडळाकडे दिलेला आहे. जंतुसंसर्गाच्या दृष्टीने वॉर्डात प्राणी आणण्याचा आमचा कोणताही विचार नाही, याबद्दल मेट्रनबाईंनी निश्चिंत असावे. रुग्ण येथे असेपर्यंत त्याच्या घरी जाऊन खाणे-पाणी देणे आणि त्याची वार्ता रुग्णाला कळविणे, एवढेच काम आहे. प्रश्न केवळ कुत्र्यामांजरांचाही नाही. मागील महिन्यात एका आजींनी पोपटाचे आणि एका शेतकरी बंधूंनी व्यालेल्या म्हशीचे नाव सांगितले. म्हशीची व्यवस्था करणे आमच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यांच्या गावच्या सरपंचांना दूरध्वनी करून ती लावून घेतली.

या कामासाठी सध्या अकरा स्वयंसेवकांची नावे आमच्याकडे आहेत. ती अपुरी आहेत, विशेषतः नदीपलीकडच्या वस्तीत आमचे कोणीही नाही. सभागृहाबाहेर पाणपोईजवळच्या टेबलावर नोंदवही ठेवली आहे. नाव, पत्ता आणि सकाळी सोयीची वेळ लिहावी. नोंदणी करणाऱ्यांना रेबीजची प्रतिबंधक लस रुग्णालयातर्फे विनामूल्य देण्याचे वैद्यकीय अधीक्षकांनी मान्य केले आहे.