ऋणमुक्तीचे सुख आणि दुसरे घर



आपल्यापैकी अनेकांच्या आजोबांचे घर गावकुसाबाहेर होते. म्हणून इंग्लंडमध्ये स्वतःच्या नावाचे घर होणे ही आपल्या दृष्टीने केवळ आर्थिक घटना नाही. तिच्यामागे पिढ्यांची आकांक्षा आहे. परंतु कर्ज फिटेपर्यंत त्या घरावर बँकेचा गहाणहक्क असतो, याचा आपल्याला विसर पडतो, आणि भाड्याने देण्यासाठी दुसरे घर घेण्याचा विचार मनात घोळू लागतो. त्या विचाराची चिकित्सा करावी, एवढाच आमचा हेतू आहे.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यांत 'अनणसुख', म्हणजे ऋणमुक्त असण्याचे सुख, स्वतंत्रपणे मोजले आहे. जेतवनाची भूमी नाणी पसरून विकत घेणारा म्हणून परंपरा ज्याला ओळखते, तोच हा श्रेष्ठी. हा उपदेश संपत्तीकडे पाठ फिरविणाऱ्याला नव्हे, तर ती मिळविणाऱ्याला केलेला आहे.

आता हिशेब पाहू. दोन लाख पौंडांचे कर्ज, ५ टक्के व्याज आणि २५ वर्षांची मुदत धरल्यास मासिक हप्ता सुमारे १,१६९ पौंड येतो. पहिल्या हप्त्यातील ८३३ पौंड व्याजात जातात. मुद्दल फिटते केवळ ३३६ पौंडांनी. व्याजदर तोच राहिला तर मुदतीअखेर एकूण व्याज सुमारे दीड लाख पौंड होते. याच हप्त्यात आरंभापासून दरमहा २०० पौंडांची भर घातली, तर कर्ज सहा वर्षांहून अधिक काळ आधी फिटते आणि सुमारे ४२ हजार पौंड वाचतात. या बचतीवर कर नाही आणि भाडेकरू मिळण्या-न मिळण्याची चिंताही नाही.

दुसऱ्या घराचे गणित इतके सरळ नसते. अशा घरांची कर्जे येथे बहुधा केवळ व्याज भरण्याची असतात. मुद्दल शेवटपर्यंत जसेच्या तसे उभे राहते. बँक ऑफ इंग्लंडचा मूळ दर डिसेंबर २०२१ मध्ये ०.१ टक्क्यावरून वाढू लागला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ५.२५ टक्क्यांवर पोहोचला. दीड लाखाच्या अशा कर्जावर २ टक्के दराने दरमहा २५० पौंड व्याज होते, तेच ५.५ टक्क्यांनी ६८७ पौंड होते. भाडे त्या वेगाने वाढत नाही. शिवाय २०१७ ते २०२० या काळात व्यक्तिगत घरमालकांची, कर्जाचे व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करण्याची सोय टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली आणि तिच्या जागी मूळ करदराइतकीच सवलत आली. इंग्लंडमध्ये ३१ ऑक्टोबर २०२४ पासून दुसऱ्या घरावरील वाढीव मुद्रांक शुल्क ५ टक्के झाले. अडीच लाखांच्या घरावर ते साडेबारा हजार पौंड होते.

दुसरे घर घेऊच नये, असे आमचे प्रतिपादन नाही; आमचा आग्रह क्रमाचा आहे. प्रथम सहा महिन्यांच्या खर्चाची गंगाजळी बाजूला ठेवावी. नोकरी गेली किंवा गावी अचानक पैसे पाठवावे लागले, तर तीच उपयोगी पडते. नंतर क्रेडिट कार्डाची महाग देणी फेडावीत. त्यानंतर राहत्या घराच्या कर्जात भर घालावी. स्थिर दराच्या करारात वर्षाला शिल्लक कर्जाच्या १० टक्क्यांपर्यंत जादा भरणा बहुधा दंडाविना करता येतो. तरीही आपला करार वाचून खात्री करावी, आणि जादा भरणा हप्ता कमी करण्यासाठी नव्हे, तर मुदत घटविण्यासाठी वापरावा, असे बँकेला लेखी कळवावे. एवढे करूनही शिल्लक उरली, तर दुसऱ्या घराचा विचार अवश्य करावा.

आपल्या पूर्वजांच्या कित्येक पिढ्या सावकाराच्या वहीत अडकल्या. आपल्या मुलांच्या हाती घराच्या किल्ल्या देताना ती वही मिटलेली असावी, एवढीच सदिच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम!